घासलेलं बुश

धरमपेठेत रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठलाही सेट उघडण्याआधी तो डोळे मिटून त्याची घरघर ऐकायचा.

ऐंशीच्या दशकात पुण्याचा एक मित्र आणि मी पोस्टाने कॅसेटी पाठवून एक ध्वनिमुद्रण जमवत होतो. त्याच्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे लांबलचक सूर आणि माझ्या घरच्या कूलरचा आवाज. त्यात ना चाल, ना ठेका. दोन्ही एकत्र करायला मी या माणसाकडे गेलो. त्याने दोन टेप एकदम वाजवले, तिसऱ्याला माइक लावला आणि बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून भर मे महिन्यात दुकानातला कूलर बंद केला. अर्धा तास तो खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसत, डोळे मिटून बसला.

कॅसेट संपल्यावर म्हणाला, "तुमच्या कूलरचं बुश घासून राहिलं, भाऊ. पंखा जाम होईल."

"पंख्याच्या दांड्यावरची एवढीशी कडी ती, बदलून घेतो," मी म्हणालो.

"काहून? मंग हा आवाज कुठून आणसान?"

मी बुश बदललं नाही. पुढच्या मे महिन्यात पंखा जाम झाला. घरचे बोलत राहिले. मी ती कॅसेट लावली आणि घाम पुसत डोळे मिटले.