दाब, धर, सोड

आमच्या धानोऱ्यात दोधू आप्पांना सगळे 'इंजिनियर' म्हणतात. आप्पा हयातभर शाळेत कारकून होते, आणि त्यांच्या हातून दुरुस्त होऊन आलेली एकही वस्तू पूर्वीसारखी चालल्याचं मला आठवत नाही. माझा मिक्सर त्यांनी 'जरा बघून' दिला, तेव्हापासून तो एकाच वेगाने फिरतो आणि बंद करायचा तर पिन उपटावी लागते. तरी मी दर वेळी त्यांच्याकडेच जाते, कारण घराला घर लागून आहे आणि वस्तू दुसऱ्याकडे नेली तर आप्पा आठ दिवस बोलत नाहीत. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हट्टी मुलं मी पुष्कळ पाहिली, पण ती निदान चौथीनंतर दुसऱ्या शाळेत तरी जातात.

आप्पांचा खरा जीव त्यांच्या पांढऱ्या गाडीत. गाडी अठरा वर्षांची, आणि तिला आजवर एकाही गॅरेजवाल्याचा हात लागलेला नाही, हे आप्पा पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. या गाडीतलं सगळ्यात किचकट काम म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं. प्रत्येक चाकामागे एक निप्पल असतं. आत बसलेल्याने ब्रेक दाबून धरायचा, बाहेरच्याने पान्याने निप्पल उघडायचं, बुडबुड्यांसकट जुनं ऑइल बाहेर आलं की निप्पल बंद करायचं, आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत. म्हणजे काम दोघांचं. बाहेरचा पाना आप्पांचा आणि आतला पाय छबूकाकूंचा, असं सतरा वर्षं चाललं होतं.

छबूकाकू म्हणजे आप्पांची बायको. चाकाजवळ आडवे पडून आप्पा ओरडायचे, "दाब! धर! सोड!" आणि काकू त्याप्रमाणे दाबायच्या, धरायच्या, सोडायच्या. पाना निसटला तरी चूक पायाची, ऑइल आप्पांच्या तोंडावर उडालं तरी चूक पायाची. गेल्या दिवाळीच्या आधी असंच काहीतरी बिनसलं आणि आप्पा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, "तुन्हा पाय शे का लाकूड?" समोरच्या ओट्यावर बसलेली माणसं फिदीफिदी हसली. काकूंनी पाय उचलला, चपला घातल्या, गाडीचं दार न आपटता लावलं आणि म्हणाल्या, "आते तुम्हनाच पाय लावा."

पुढे वर्षभर काकूंनी स्वयंपाक केला, चहा दिला, चार शब्द बोलल्याही. पण गाडीच्या पुढच्या दाराला त्यांनी बोट लावलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, हे सांगून टाकते.

यंदा कापूस वेचणीच्या तोंडावर काकूंची धाकटी बहीण कौसाबाई अंगणात घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशन चांगलं झालं. सोमवारी तिला घरी सोडणार होते. तिच्या मागेपुढे कोणी नाही, म्हणून काकू तिला धानोऱ्याला आणणार होत्या. एरवी काकू खांडबाऱ्याहून रेल्वेत बसून बहिणीकडे जातात, पण पायात सळई घातलेल्या बाईला रेल्वेच्या पायऱ्या कशा चढवणार? गाडीच पाहिजे होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाटेत धक्का बसता कामा नये. आणि आप्पांच्या गाडीचा ब्रेक पंधरा दिवसांपासून पायाखाली ढिला पडत चालला होता.

साध्या माणसाने अशा वेळी बायकोला म्हटलं असतं, "चुकलं माझं, ये बैस." तेवढंही जड जात असेल तर गाडी गॅरेजात नेली असती. आप्पांनी मोबाईल उघडला. मोबाईलवर कुणी एक परदेशी माणूस स्वतःच्या अंगणात एकट्याने ब्रेकची हवा काढत होता. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाजागी एका टाकीची नळी जोडायची, टाकीला पंपाने दाब द्यायचा, आणि एकेका चाकाचं निप्पल उघडत जायचं. दाबाने ऑइल आपोआप वाहतं आणि हवा घेऊन बाहेर पडतं. ब्रेकवर पाय ठेवायची गरजच नाही. हे शेवटचं वाक्य आप्पांनी मला तीनदा ऐकवलं, तिन्ही वेळा तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे करून.

"मोहिनी, देख. एकला मानूस करी ऱ्हायना. कोनीच गरज नही."

"त्याला बायको नसेल, आप्पा," मी म्हटलं.

तसलं यंत्र मागवलं असतं तर यायला आठवडा लागला असता, आणि सोमवार तीन दिवसांवर होता. पण आप्पांच्या लक्षात आलं की हे यंत्र म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून आपला कापसावर फवारायचा पंपच आहे. ते बाजारात पारसमल शेठच्या कृषी केंद्रात गेले. शेठनी विचारलं, "कसानी फवारनी? मावा का तुडतुडा?" आप्पा म्हणाले, "ब्रेक." पारसमल शेठचे आजोबा राजस्थानातून इथे आले तेव्हापासून गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारायचा नाही, अशी त्या दुकानाची रीत आहे. त्यांनी मुकाट्याने नवा कोरा पंप काढून दिला. "ब्रेकले कोनती दवाई चालस ते माले बी सांगज्यात," एवढंच ते म्हणाले, आणि तेही आप्पा पायरी उतरल्यावर.

रविवारी सकाळी अंगणात प्रयोग मांडला. आप्पांनी ऑइलच्या डबीच्या जुन्या झाकणाला भोक पाडून पंपाची नळी त्यात बसवली होती आणि भोवताली सील थापलं होतं. निप्पलला लावायला सलाईनची नळी होती, खाली पाण्याची रिकामी बाटली. पंप पाठीवर घ्यायचा, सोळा लिटरचा. त्यात आप्पांनी अर्धा लिटर ब्रेक ऑइल ओतलं. पंप जमिनीवर ठेवूनही दांडा मारता आला असता, पण आप्पांनी पट्टे खांद्यात अडकवले, आणि पाठीवर टाकी घेऊन ते चाकाजवळ सरपटू लागले. ओट्यावर माणसं वेळेवर हजर होती. आमच्या गल्लीत लग्नाला उशिरा येणारी माणसंही अशा कार्यक्रमाला वेळेवर येतात.

पहिलं चाक मागचं, डावीकडचं. आप्पांनी दांडा मारला, निप्पल उघडलं, आणि खरंच सलाईनच्या नळीतून काळं ऑइल बुडबुडे सोडत बाटलीत आलं. ओट्यावरून "वा, इंजिनियर!" असा आवाज आला. त्या एका शब्दाने आप्पांना जोर चढला आणि त्यांनी दुसऱ्या चाकाला दांडा दुप्पट मारला. झाकणाचं सील सुटलं, ऑइलची एक चिळकांडी बॉनेटवर उडाली. आप्पांनी ती टॉवेलने पुसली, सील दाबून बसवलं आणि पुढे चालू. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, हे परदेशी माणसाने सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. घटकाभरात बॉनेटचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला.

तिसऱ्या चाकाला पंपातून आवाज आला. फुर्र. मग परत, फुर्र, फुर्र.

हा आवाज आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. फवारताना टाकी रिकामी झाली की पंप फुरफुरतो. म्हणजे आता नुसती हवा येतेय, बांधावर जा आणि टाकी भर. पण आप्पांची शेती कायम वाट्याने दिलेली; त्यांनी जन्मात पंप पाठीवर घेतला होता तो त्या सकाळीच. त्यांनी पाना उंचावून ओट्याला सांगितलं, "आयकं का? हवा निंघी ऱ्हायनी!"

हवा निघत नव्हती, भरली जात होती. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापत होत्या आणि मी खिडकीशी कांदा चिरत होते. काकूंचा हात परातीत थांबला. त्यांनी माहेरी, आणि सासरी वाटेकऱ्यांच्या जोडीने, वीस-एक हंगाम पंप वाहिला होता.

"टाकी सरनी," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना त्यांना, काकू!"

"तेस्नी माले इचारं का?"

मला दोघांचाही संताप आला. उद्या त्या गाडीत सळई घातलेली बाई बसणार, आणि इथे एकाला विचारायचं नाही, दुसरीला सांगायचं नाही. शाळेत असते तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं.

दुपारपर्यंत चारही चाकं झाली. नळी सोडवून आप्पा पंपासकट सीटच्या कडेला टेकले, ब्रेक दाबून पाहिला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण ओटा बघत होता. "नवं ऑइल शे," ते मोठ्याने म्हणाले. "बसाले येळ लागस." ओट्याने माना हलवल्या. ओट्याला काय, तिथे कोणाच्या मांडीचं हाड मोडलेलं नव्हतं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हाताचं पीठ झटकलं आणि वर्षभर ज्या दाराला बोट लावलं नव्हतं ते उघडून उभ्या राहिल्या. आप्पा आपसूक उतरले. काकू आत बसल्या, चप्पल काढली, आणि उघड्या पायाने ब्रेक दाबला. तो लोण्यात बोट जावं तसा सरळ तळाला गेला. त्यांनी परत दाबला. परत तसाच.

"हवा शे," त्या म्हणाल्या.

"हवा कशी ऱ्हाई? मशीनवर काढेल शे!"

काकूंनी आवाज चढवला नाही. "मन्ही बहीनना पायमा सळई शे. मी तिले बैलगाडी करीसन लयसू, पन या गाडीमा बसाडनार नही."

आप्पांनी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरच्या सगळ्यांना एकदम आभाळात काहीतरी दिसलं. पंप अजून आप्पांच्या पाठीवर होता. तो त्यांनी उतरवून ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "मंग बठशी का आठे? मी पाना धरस."

"नही. पाना माले द्या. पाय तुम्हना."

"तुले काय समजस त्यामा?"

"सतरा वरीस मी आयकीच ऱ्हायनी. तुम्ही कव्हयच दाबं नही."

कधीच नव्हता दाबला, हे खरं होतं; आप्पांनी पाना काकूंच्या हातात दिला. ते आत जाऊन बसले. काकूंनी पदर खोचला, मागच्या चाकापाशी पोतं अंथरलं आणि त्यावर बसल्या. उरलेल्या नव्या ऑइलची बाटली माझ्या हातात आली. "मोहिनी, डबीमधलं ऑइल सरू देऊ नको," त्यांनी बजावलं, आणि मग सतरा वर्षं ऐकलेले शब्द पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने उच्चारले, मानाने, अहो-जाहो करून.

"दाबा!"

आप्पांनी दाबला.

"धरा!"

आप्पांनी धरला. पण आयुष्यभर सूचना द्यायची सवय. निप्पल नीट उघडलंय की नाही हे बघायला ते दारातून वाकले, आणि वाकताना पाय उचलला गेला. नळीतलं ऑइल बुडबुड्यांसकट उलटं वर गेलं. काकूंनी निप्पल बंद केलं. मान वळवून आप्पांकडे पाहिलं, आणि भाजीत मीठ आहे का विचारावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "पाय शे का लाकूड?"

ओट्यावर कोणी हसलं नाही. एक जण उठून घरी गेला.

त्यानंतर दोन तास मी फक्त तीन शब्द ऐकले. दाबा, धरा, सोडा. चौथ्या चाकाला आप्पा गुडघा चोळायला लागले. "पाय दुखी ऱ्हायना वं," ते हळूच म्हणाले. "मन्हा सतरा वरीस दुखना," चाकामागून उत्तर आलं. "धरा." आप्पांनी धरला. मला त्यांची थोडी दया आली, पण फार नाही. शेवटी काकूंनी स्वतः बसून दाबून पाहिला. ब्रेक अर्ध्यावर येऊन दगडासारखा थांबला. आप्पांनी गाडी हळूहळू वेशीपर्यंत नेऊन आणली आणि कुठेही न आदळता अंगणात उभी केली. पंप कोपऱ्यात ठेवला. ब्रेक ऑइलने त्याचे रबरी वायसर फुगले होते, ते आपण दुरुस्त करू, असं आप्पा म्हणाले.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं चिंचपाड्याला गेलो. येताना मागच्या सीटवर कौसाबाईला पाय लांब करून निजवलं, डोकं काकूंच्या मांडीवर. मी पुढे बसले. खांडबाऱ्याच्या अलीकडे एक वासरू उधळत रस्त्यावर आलं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, पण आप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी वासराच्या चार हात अलीकडे अलगद थांबली. मागे कौसाबाईचा पाय होता तिथेच होता.

"दाजी," कौसाबाई म्हणाली, "ब्रेक ते झकास शेत! धक्काच लागना नही. कोनी करात?"

मी आप्पांना ओळखते. परदेशी माणसापासून पारसमल शेठपर्यंतची सगळी कथा त्यांच्या जिभेवर तयार असणार, असंच मला वाटलं. वासरू रमतगमत पलीकडे गेलं तरी आप्पांनी गाडी पुढे काढली नाही. ते आरशात बघत होते, मागच्या सीटवर.

"तुन्ही बहीननी करात," ते म्हणाले. "मन्हा नुसता पाय व्हता."

काकूंचे डोळे भरून आलेले मी आरशात पाहिले. त्यांनी बहिणीच्या अंगावरची शाल सारखी केली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "लाकूडना बी उपेग व्हस कव्हय कव्हय."

कौसाबाईला काही कळलं नाही. आमच्यात सगळ्यात आधी हसले ते आप्पा.