सेल उतरल्यावर

मंगळवार. सासूबाई कानाचं यंत्र काढून गप्प बसू लागल्या, म्हणून ते लालबागच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. हा माणूस कधी मान वर करून बोलत नाही.

"वहिनी, सेल उतरलाय. व्होल्टेज कमी पडलं की आतला ॲम्प्लिफायर मोठा आवाज वरून कापतो. हळू बोललेलं नीट पोचतं, ओरडलेलं फाटतं. घरात ओरडता ना?"

"ऐकू येत नाही तर काय करणार?"

"मीपण ओरडायचो. आईने यंत्र काढलं ते परत घातलंच नाही. गेली तशीच."

नवा सेल घालून, यंत्र स्वतःच्या कानाला लावून तो नेहमीसारखा हळूच म्हणाला, "आये, जेवलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळ जाताच सासूबाईंचा हात यंत्र काढायला कानाकडे गेला. मी त्यांच्याशेजारी बसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "चहा टाकू?"