आम्हाला तुमचं रक्त हवं आहे

आता तुमच्यापासून काय लपवायचं! समाजसेवा करायला गेलो आणि एका पाटलाला जिवे मारायची धमकी देऊन बसलो. हसू नका. तीही शुद्ध प्रमाण मराठीत!

मी नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मध्यंतरी वरून फर्मान आलं, की मुलांनी एखाद्या सेवाभावी संस्थेचं आधुनिकीकरण करावं, त्याला मार्क मिळतील. मार्क म्हटल्यावर आमचा सेवाभाव उसळलाच! आम्ही लोह्याचं एक रक्तदाता मंडळ धरलं. मंडळ म्हणजे काय, तर गंगाधरकाका आणि त्यांचा मोबाइल. कुणाला रक्त लागलं की काका फोन फिरवायचे, "ये बाबा, पेशंट सिरीयस हाय," आणि माणूस यायचा.

इतकं सोपं? आम्हाला कसं चालेल!

मुलांनी आपोआप फोन लावणारी यंत्रणा केली. आवाज अर्थातच माझा. गॅदरिंगचं निवेदन दरवर्षी मीच करतो, त्यामुळे माझ्या खर्जाबद्दल माझं मत फार चांगलं होतं. काका ऐकून म्हणाले, "सर, जरा गोड बोला की."

"काका, आवाजात अधिकार पाहिजे!" मी म्हणालो.

आणि लगेच वेळ आली. नांदेडच्या दवाखान्यात एक बाळंतीण अत्यवस्थ झाली. बी निगेटिव्ह रक्त हवं, संध्याकाळच्या आत. तो गट असलेला जवळचा दाता एकच, व्यंकटराव पाटील. आता हे व्यंकटराव त्याच सकाळी बांधावरून चुलतभावाशी, बालाजीशी, हातघाईवर आले होते, हे आम्हाला काय माहीत?

त्यांचा फोन वाजला. "नमस्कार. आम्हाला तुमचं रक्त हवं आहे. तुम्ही कुठे राहता, हे आम्हाला माहीत आहे. तयार राहा. आमची माणसं तुम्हाला न्यायला निघाली आहेत."

अहो, गाडीची सोय होती ती! मंडळाचं नाव शेवटी घातलं होतं, पण तिथपर्यंत ऐकतंय कोण? व्यंकटरावांनी फोन कापला. यंत्रणेनं पुन्हा लावला. कापला की परत लावायचा, ही सूचनाही माझीच.

काकांना घेऊन मी व्यंकटरावांच्या गावात पोचलो, तर निम्मी भावकी काठ्या घेऊन अंगणात. व्यंकटरावांच्या मुठीत बालाजीची कॉलर.

"सख्ख्या चुलतभावाची सुपारी द्यायलास का रे?"

"आईशप्पथ दादा, मला काय बी ठावं न्हाई!"

काका गाडी लावत होते. मी पुढं झालो, घसा साफ केला. "नमस्कार. आम्ही तुम्हाला न्यायला आलो आहोत."

"ह्योच! ह्योच आवाज हाय! धरा!"

पुढचं वर्णन मी करणार नाही. शर्ट नवा होता, एवढंच सांगतो. काका ओरडत धावले, "आरं व्यंकटी, सोड त्यांना! बाळंतीण हाय दवाखान्यात, रक्त द्यायचंय!"

"मग असं सांगा की काका! ह्यो तर मुडदा पाडायचं बोलायलाय!"

काठी टाकून व्यंकटराव तसेच गाडीत बसले. दादाला एकटं कसं सोडायचं म्हणून बालाजीही बसला. रक्त वेळेत पोचलं, बाई वाचली. खरंच फार बरं वाटलं. प्रकल्पाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि यंत्रणा त्याच दिवशी बंद पडली.

आता काका पुन्हा स्वतःच फोन करतात. परवा मी शेजारीच बसलो होतो. पलीकडचा गडी सबबी सांगत होता, काम हाय, पाव्हणे आलेत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"येतूस, का सरला बोलाय लावू?"

गडी चहा निवायच्या आत हजर!