चौलमार्गे

नाना आयुष्यात एकदाही सायकलवर बसले नाहीत, पण अलिबागेत सायकलीचे रस्ते मला शिकवले ते त्यांनीच. एकोणीसशे तीस सालानंतर लवकरच माझी पुण्याहून तिथल्या मुलींच्या शाळेत बदली झाली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि सायकल. नाना माझे घरमालक. मिठाच्या खात्यातून निवृत्त झालेले, पोट पुढे, मिशा पांढऱ्या, आणि पानात मासळी नसेल तर जेवण झालं असं न मानणारे. टांग्यातून सायकल उतरताच त्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, हिला दाणावैरण काय लागते?"

पुण्यात दर रविवारी लांब रपेट मारायची मला सवय होती. इथे कुठे जावं ते कळेना. सडकेवर त्या वर्षी नवी खडी पसरली होती. पहिल्याच फेरीत दोन्ही चाकं पंक्चर झाली. नाना म्हणाले, "सडक सरकारची, पुळण देवाची. देवाच्या रस्त्यानं जा." पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. ओहोटी लागली की ती ओली आणि टणक होते, आणि सायकल तिच्यावरून अशी धावते की पाय मारल्याचं कळत नाही. मात्र भरतीच्या आत परतायला हवं, आणि घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्यानं धुऊन तेल द्यायला हवं. भरतीची वेळ तिकडे तिथीवरून सांगतात. दर तिथीला ती पाऊण तासाने पुढे जाते. नाना पंचांग न उघडता सांगत आणि ती कधी चुकत नसे.

त्यांच्या रस्त्यांना एकच खोड होती. ते सगळे चौलवरून जात. रेवदंड्याला जाताना चौल लागतं, ते ठीक. पण मांडवा उत्तरेला आणि चौल दक्षिणेला, तरी मांडव्याचा रस्ता विचारला तेव्हा नाना म्हणाले, "आधी चौलला जाऊन या. पाय मोकळे होतात." परत आल्यावर मात्र चौकशी पुळणीची थोडी आणि दुसरीच जास्त. देवळापलीकडच्या सुपारीच्या वाडीत झोपाळ्यावर एक म्हातारा बसतो, तो दिसला का? खोकत होता का? अजून तसाच पिंका टाकतो का?

अखेर मी माईंना, म्हणजे नानांच्या पत्नीला, विचारलं. तो म्हातारा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, अण्णा. विहिरीवरचा रहाट आधी कुणी चालवायचा यावरून दोघांत वाजलं होतं आणि तेव्हापासून एक तप अबोला होता. वाडी नानांनी सोडली, पण चौकशी सोडवेना. मी सायकलवरून हवा खात होते अशी माझी समजूत. प्रत्यक्षात मी नानांचा हेर होते.

एका रविवारी झोपाळा रिकामा दिसला. अण्णांची सून म्हणाली, विहिरीपाशी पाय घसरला, खुबा मोडला, आता उठणं नाही. मी घरी येऊन नानांना सरळ सांगितलं. त्यांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "पुळण खराब झाली म्हणता? मला जातीनं पाहायला हवी. तुमच्या सांगण्यावर भरवसा नाही."

पुढच्या रविवारी नाना बैलगाडीत आणि मी सायकलवर. "आज अष्टमी. दुपारी पूर्ण ओहोटी, लगेच माघारी फिरायचं," असं त्यांनीच निघताना बजावलं होतं. बैल नव्या खडीवर पाय ठेवत नव्हते, तेव्हा परतायला पुळणीवाचून रस्ता नव्हता.

अण्णांची खाट ओटीवर होती. नाना गाडीतून उतरले आणि ओटीच्या कडेला अण्णांकडे पाठ करून बसले. बोलणं सुरू झालं ते माझ्यामार्फत.

"बाई, गाडीतून आलेल्या पाहुण्यांना विचारा, वाट चुकले का?"

"बाई, त्यांना सांगा, आम्ही पुळण बघायला आलोत."

"मग पुळण तिकडे हाय म्हणावं. ही ओटी."

असं बराच वेळ चाललं. रहाट निघाला, वडील निघाले, लहानपणी चोरलेली शहाळी निघाली. ऊन कललं तसा गाडीवान घाई करू लागला. तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "घाई कसली? आज एकादशी. पुळण संध्याकाळपर्यंत मोकळी."

सकाळची अष्टमी मी माझ्यापाशीच ठेवली. पण अण्णांचा जन्म त्याच किनाऱ्यावर गेलेला. ते छपराकडे बघत म्हणाले, "बाई, सुनेला सांगा, पाहुण्यांना एकादशी हाय. त्यांना वरीचे तांदूळ टाक. पापलेटं आपण खाऊ."

आतून तव्याचा वास आलाच होता. नानांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे. अष्टमी कबूल केली तर पापलेट मिळणार होतं, पण मग ओहोटी सरायच्या आत निघावंही लागणार होतं. ते हात धुऊन पाटावर बसले आणि वरीचा भात खाऊ लागले. खाटेवर अण्णा तुकडी चवीनं खात होते. त्यांनी निम्मी खाल्ली आणि हात थांबवला.

"नाना, पुरे झालं रे. घे एक तुकडी."

बारा वर्षांतलं ते पहिलं सरळ वाक्य. नाना मान वर न करता म्हणाले, "नको अण्णा. एकादशी आहे."

संध्याकाळी पुळणीवर पाणी चढलं आणि गाडी अडकली. मला सोमवारी शाळा होती. मी खडीवरून सायकल ढकलत घरी आले. नानांची तिथी चुकली, असं माईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पुरुषाची तिथी चुकली की बायकांनी पंचांग उघडू नये."

सोमवारी मासळी वर्ज्य आणि पापलेट खाल्ल्याशिवाय उठायचं नाही, म्हणून नाना मंगळवारपर्यंत राहिले. अण्णा पुढे महिनाभरच होते. त्या एका महिन्यात नानांना चार एकादश्या आल्या.