दातात भरलेलं ते नवं प्लास्टिक

मंडळी, आज सकाळी देवासमध्ये माझ्या खालच्या दातात पांढरा मसाला भरला. निळा उजेड धरताच तो घट्ट झाला. डॉक्टरीण मला दोनदा म्हणाली, "माँजी, दुखे तो हाथ उठा देना." घरी आल्यावर मला रडू आलं.

सत्तर वर्षांपूर्वी, मध्यभारत राज्य होतं तेव्हा, मी धारला राहत होते. वय सतरा. देवासचे लोक मला बघायला येणार होते आणि माझा वरचा पुढचा दात किडला होता. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला बसने इंदूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भुकटीत उग्र वासाचं औषध कालवून नवीनच आलेलं प्लास्टिक दातात भरलं. दात छान दिसला, लग्न ठरलं.

लग्नानंतर चार महिन्यांनी तो ठणकू लागला, मग काळा पडला. सासूबाईंनी दादांना बोलावून घेतलं. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "खोट लपवून मुलगी दिलीत तुम्ही."

दादा खाली मान घालून म्हणाले, "चूक झाली आमची."

पोरीला दुखतंय, एवढंही ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दात उपटला. सासरी मी 'खोटी मुलगी' ठरले ती कायमची.

आज डॉक्टरीण म्हणाली, ते जुनं प्लास्टिक आक्रसायचं, कडेला फट पडून दात आतून सडायचा. दोष त्या मालाचा होता. हे ऐकायला आता सासूबाई नाहीत, दादाही नाहीत.

तुमच्या घरात अशी कुणी आहे का, जिला दुखतंय का हे कुणी विचारलंच नाही?