पोटातल्या बाळाला औटकी

मुलाच्या जन्माआधी तीन महिने मी त्याला औटकी शिकवायला बसलो, आणि पहिल्याच दिवशी माझीच चुकली. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. साताच्या पुढे गाडी अडली. माझी बायको कुसुम भाजी निवडत होती, तिने मान वर न करता उत्तर सांगितलं. ती खापा गावच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मी सरकारी कचेरीतला कारकून. बाळाने कोणाचं ऐकावं हा प्रश्न खरं तर तिथेच मिटला होता. पण मी जिद्दीचा माणूस!

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की सहा-सात महिन्यांच्या बाळाला पोटात आवाज ऐकू येतात आणि मेंदू झपाट्याने वाढत असतो. म्हटलं, वाढतोच आहे तर रिकामा कशाला वाढू द्यायचा? रोज संध्याकाळी चहा झाला की मी पाटावर बसून सुरू व्हायचो. पावकी, निमकी, दिडकी, औटकी. दिडकीला बाळाने लाथ मारली की मी ते 'समजलं' असं धरायचो. औटकीला मारली तर 'पुन्हा सांगा'.

लुगड्याच्या घड्यांतून आवाज नीट पोचत नसेल अशी शंका आली तेव्हा मी रॉकेलचं नरसाळं आणलं. (सोड्याने तीनदा धुतलं. वास राहिलाच.) त्याचा निमुळता भाग कुसुमच्या पोटाला आणि रुंद भाग माझ्या तोंडाला, असा वर्ग भरू लागला. आमच्या सगळ्या प्रताप नगरात बातमी झाली. शेजारीणबाई साखर मागायला म्हणून येत आणि साखर न घेता परत जात.

मग लेकीला बाळंतपणासाठी न्यायला सासूबाई आल्या. दारातच थबकल्या.

"जावईबापू, हे काय करून राहिले तुम्ही?"

मी मेंदूची वाढ समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला हळूच विचारलं, यांच्या घराण्यात असं आधी कोणाला झालं होतं का.

त्याच संध्याकाळी, सासूबाईंवर छाप पाडायची म्हणून, मी ठेवणीतला आवाज काढला. पावकी झाली, निमकी झाली. लाथ नाही. दिडकीलाही नाही. औटकी दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा तर भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला, पण पोटातून काही नाही. कुसुमने पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, पावकीपासून हाललंच नाही वाटते, दाबून पाहिलं तरी नाही."

नरसाळं माझ्या हातातून पडलं. सासूबाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, थंड पाणी पाजलं. मी सायकल काढली. मनात एकच विचार होता: पाढे नकोत, गणित नकोच, नापास झालं तरी चालेल, फक्त हलू दे.

मागच्या गल्लीत एक नर्सबाई राहत. भाकरी थापत होत्या. त्यांना पिठाच्या हातांनिशी कॅरिअरवर बसवून आणलं. वाटेत दोनदा त्या म्हणाल्या की पडून मी मेले तर बाळ कोण तपासणार. घरी येताच त्यांनी पिशवीतून लाकडी नळी काढली, एका टोकाला रुंद, आणि पोटावर टेकवून कान लावला. हुबेहूब माझं नरसाळं! अशा प्रसंगातही मला राहवलं नाही.

"मीसुद्धा असंच करत होतो," मी म्हणालो.

"तुम्ही बोलून राहिले होते. मले ऐकायचं आहे. चूप राहा."

कुसुमने माझं मनगट धरलं होतं, बोटांचे वळ उमटतील इतकं घट्ट. बाईंचा चेहरा काही सांगेना.

आणि मग नळी उडाली. अशी लाथ की बाईंच्या कानाला लागली!

"ठोके मस्त आहेत," कान चोळत बाई म्हणाल्या. "झोपलं होतं. पुन्हा असं गप्प झालं तर मात्र थांबू नका, लगेच बोलवा."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बाईंपुढे चहा ठेवला. मी नरसाळं उचललं आणि रॉकेलच्या डब्यावर परत नेऊन ठेवलं. बाईंना घरी सोडून आलो, तेव्हा कुसुम त्याच कुशीवर पडून होती. पोट आता चांगलंच हलत होतं. मी जवळ बसलो आणि कबूल केलं की माझं चुकलंच, आता पाढे बंद, उगाच त्या जिवाला त्रास.

"बंद काहून?" कुसुम म्हणाली. "रोज रात्रभर लाथा मारून मले जागवते ते. तुमच्या त्या ठेवणीतल्या आवाजानं एवढं गाढ झोपते हे आज कळलं. बसा इथं, म्हणा औटकी. आम्ही दोघंबी झोपतो."