सिदूची गल्ली

सिदू शिकवायला उभा राहिला की स्क्रीनकडे चक्क पाठ करायचा. पहिल्या दिवशी मी माउस घट्ट धरून भेदरून बसले होते. समोर माझीच बंदूक डुगडुगतेय, कुठून तरी गोळ्या येतायत, आणि हा गडी खिडकीतून ऑफिसखालचं बेळ्ळंदूरचं तुंबलेलं ट्रॅफिक बघतोय! "अरे बाबा, बघ तरी मी काय करतेय ते!" मी ओरडले. तो वळला नाही. "मला दिसत न्हाई, अक्का. तुम्ही सांगा. बंदूक मागनं, आधी तोंड."

तोंडाची मला कधी कमतरता नव्हती, हे माझा नवराही सांगेल. पण तिथे ते उघडेना. मी पुण्याची, पन्नाशीकडे झुकलेली, आयुष्यात पत्त्यांपलीकडे खेळ माहीत नाही. आमच्या कंपनीत मजल्यामजल्यांमध्ये या गोळीबाराच्या खेळाचे सामने ठरले. पाच-पाच जणांचे संघ, एकमेकांना टिपायचं आणि आपल्या जागा राखायच्या. संघात दोघं तरी कधीच न खेळलेले हवेत असा नियम निघाला, आणि माझी वर्णी लागली. दुसरा नवखा कोलकात्याचा देबू. होसकोट्याचा नवीन आणि चेन्नईची कविता थोडंफार खेळणारे. आणि आमचा म्होरक्या सिद्राम, म्हणजे सिदू. माझ्याच टीममध्ये काम करणारा, निपाणीचा, एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड बोलणारा.

या खेळात मैदानाच्या कानाकोपऱ्याला नावं असतात, म्हणजे शत्रू कुठे आहे ते एका शब्दात सांगता येतं. आम्हा नवख्यांना ती इंग्रजी नावं काही केल्या लक्षात राहीनात. देबू नुसता "डब्याच्या मागे! डब्याच्या मागे!" म्हणून बोंबलायचा. "कुठला डबा? शंभर डबे हायत तिथं!" सिदू एकदा वैतागला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ही आमची गल्ली समजा. निपाणीची." आणि एकेक कोपरा दाखवत गेला. ती तंबाखूची वखार. ही विहीर. हा राणूमावशीचा जिना. मावशी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते, तिच्या नजरेतनं कुणी सुटत न्हाई, म्हणून तिथं जपून. ही अप्पांची गिरणी. आणि प्रत्येक डाव जिथून सुरू होतो, ते घर.

काय सांगू, त्या दिवसापासून आम्ही चुकलो नाही! "बिहिरीजवळ दोन!" देबू आपल्या बंगाली जिभेने ओरडायचा, आणि कविता बरोबर तिकडे वळायची. आमच्यातल्या एकानेही निपाणी पाहिली नव्हती. एरवी आमचं सगळं बोलणं मोडक्या हिंदीत, नावं तेवढी निपाणीची. मी एकदा जिन्यावर दबा धरून नुसतं सांगत राहिले, एक गोळी न झाडता, आणि डाव आम्ही मारला. सिदूने टाळ्या पिटल्या. "अक्का, तुम्ही तर राणूमावशीच झालाय!" कँटीनमध्ये त्याने मला बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन कप करून, पाजली आणि आपली अर्धी माझ्याआधी संपवून मोकळा झाला.

शिकवताना त्याच्या ठरलेल्या गोष्टी होत्या. "मेलासा? रडू नका. कुठनं मारलं ते सांगा आन् गप बसा. मागं जिवंत हाय त्याला ऐकू येऊ दे." आणि दुसरी: "लागलं तर किती जीव उरलाय ते सांगायचं. लपवायचं न्हाई. लपवणारा सगळ्यांना बुडवतो." डाव अंगाशी यायला लागला, आम्ही सैरावैरा पळायला लागलो, की त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "असू दे, असू दे. सगळे घरी या." आणि आम्ही खरंच परत फिरायचो.

"तुझ्या घरी आवडतो का रे हा खेळ?" मी एकदा विचारलं. तो हसला, पण डोळ्यांनी नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका सामन्यासाठी त्याने परीक्षा बुडवली होती. सामना हरला, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पास होऊन नोकरीला लागला, तरी गिरणीवाल्या अप्पांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. "परत तोंड दाखवू नको म्हणालेत. आई फोन करत्या. अप्पांनी एकदा नुसतं 'ये' म्हणू दे, अक्का, दुसऱ्या मिनिटाला बस धरतो." मी म्हटलं, अरे, तूच जा की मेल्या, बापाजवळ कसला मान? तो म्हणाला, "मान न्हाई. दार लावलंय त्यांनी. आतनं कडी हाय."

मग त्याला ताप आला. "स्वल्प ताप, सरी होतंय," म्हणजे थोडासाच आहे, बरा होईल, असं म्हणत तो कामावर येत राहिला. डोळे लाल, तरी आमच्याकडे पाठ करून उभा. मी रागावले, घरी कळवते म्हणाले. "नको अक्का. खेळून खेळून आजारी पडला म्हणतील." डेंग्यू होता. नवीनने त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आम्हाला जीव किती उरला ते सांगायला शिकवणाऱ्याने स्वतःचा मात्र सांगितला नाही. अजून मला त्याचा राग येतो, इतका की एकटी असले की मी त्याला मोठ्याने शिव्या घालते.

त्याच्या टेबलावरच्या वस्तू न्यायला अप्पा एकटेच आले. धोतर, टोपी, कोरडे डोळे. हेडफोन हातात घेऊन म्हणाले, "ह्योच न्हवं तो खेळ?" त्या दुपारी आमचा सराव होता. मी म्हटलं, "अप्पा, जरा बसा. त्यानं शिकवलेलं बघून जा." "मला न्हाई बघायचं," म्हणाले आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. आमच्याकडे पाठ. तिथेच, तसाच तो उभा राहायचा.

सिदूची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही चौघंच खेळलो. "बिहिरीजवळ एक!" देबू ओरडला. "वखारीच्या मागे दोन!" कविता. "राणूमावशीच्या जिन्यावर कुणी नाही," मी. अप्पांची पाठ ताठ झाली. नवीन ओरडला, "अप्पांची गिरणी सोडू नका, गिरणी सोडू नका!" आणि ते हळूहळू वळले. पण आम्ही हरत होतो. देबू गेला, कविता गेली, दोघंही नियमाप्रमाणे सांगून गप्प बसले. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "असू दे, नवीन. घरी ये."

डाव संपल्यावर अप्पा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ही आमची गल्ली हाय. ही पोरं कुठली?" कोण कुठलं ते मी सांगितलं. "आन् घर कुठलं?" मी त्यांना ती जागा दाखवली. एक साधी भिंत, दोन पायऱ्या. "इथून डाव सुरू होतो. हरायला लागलो की सिदू म्हणायचा, सगळे घरी या."

ते स्क्रीनच्या जवळ सरकले. मग विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलला व्हता?"

काहीबाही गोड सांगून त्यांना वाटेला लावता आलं असतं. पण लपवायचं नाही, हे त्याने मला शिकवलं होतं. "तुम्ही 'ये' म्हणायची तो वाट बघत होता, अप्पा."

त्यांनी टोपी काढली. वाकून स्क्रीनवरच्या त्या पायऱ्यांवर बोट टेकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "ये की रे. ये की, सिदू."

देबूला शब्द कळले नसावेत, पण तोही रडत होता. पुढचा डाव आपोआप सुरू झाला. आम्ही चौघं घरातच थांबलो, कुणी बाहेर पडलं नाही.